बुडत्याला बुचाचा आधार

गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला पांगाऱ्याचा बिंडा सहसा विसरता येत नाही. वाळलेल्या पांगाऱ्याचा हलका ओंडका दोरीने पाठीवर करकचून बांधायचा, आणि मग एखाद्या काकाने किंवा मामाने काठावरून सरळ पाण्यात ढकलून द्यायचे, अशी ती शाळा. काही गावांत बिंड्याच्या जागी सुका भोपळा असे. पुढे पत्र्याचा हवाबंद डबा आला, आता प्लॅस्टिकचा कॅन दिसतो. साधन बदलले तरी एक गोष्ट बदलली नाही. ते नेहमी पाठीवरच बांधले जाते.

पाठीवरच का? छातीवर का नाही? हा प्रश्न आपल्याला लहानपणी पडला नाही. पण आज कोकणातल्या खाड्यांत, गोव्यात, धरणांच्या जलाशयांवर कयाक नावाच्या अरुंद, हलक्या होड्या दिसू लागल्या आहेत आणि शाळा-महाविद्यालयांच्या सहलीही तिथे जाऊ लागल्या आहेत. काठावर खुंटीला टांगलेली नारिंगी जॅकेटे मुलांच्या अंगात चढवली जातात. ती बरोबर आहेत की नाहीत हे पाहण्याची जबाबदारी पुष्कळदा बरोबर गेलेल्या शिक्षकावरच येते. म्हणून या साध्या दिसणाऱ्या वस्तूचा इतिहास आपण थोडा तपासून पाहू या. आपल्या बिंड्याचे कोडेही वाटेत सुटेल.

हवा भरलेले कातडे

पाण्यावर तरंगण्यासाठी हलक्या वस्तूचा आधार घेण्याची कल्पना फार जुनी आहे. असिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याने इसवी सनापूर्वी नवव्या शतकात निमरूद येथे राजवाडा बांधला. त्याच्या भिंतींवरील एक शिल्पपट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात काही माणसे नदी पोहून जाताना दिसतात. त्यांच्या पोटाखाली फुगवलेले कातडे आहे आणि त्याचे तोंड त्यांनी स्वतःच्या तोंडात धरले आहे. हवा कमी झाली तर पोहता पोहताच फुंकता यावी, ही सोय.

आपल्या इतिहासातला असाच प्रसंग सर्वांच्या ओळखीचा आहे. १५३९ साली चौसाच्या लढाईत शेरखानाकडून हार खाऊन हुमायून पळाला तेव्हा गंगा ओलांडताना तो बुडू लागला. निजाम नावाच्या भिश्त्याने आपली मशक फुगवून त्याला पैलतीरी नेले आणि बादशहाने कृतज्ञता म्हणून त्या भिश्त्याला काही काळ सिंहासनावर बसवले, अशी हकीकत सांगतात.

कातडे, भोपळा, बिंडा, सांगड ही सगळी साधने एका गृहीतावर उभी आहेत. वापरणारा माणूस शुद्धीवर आहे, धडपडतो आहे आणि आधार घट्ट धरून आहे. तो दमला, गारठला किंवा बेशुद्ध झाला तर काय, हा प्रश्न त्यात नव्हता. तो प्रश्न विचारला जायला आणि त्याचे उत्तर मिळायला फार वेळ लागला.

किती आधार पुरतो?

पुढे जाण्यापूर्वी थोडे गणित करू. आर्किमिडीजचे तत्त्व आपण वर्गात शिकवतो. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, त्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल तिच्यावर वरच्या दिशेने कार्य करते. माणसाच्या शरीराची सरासरी घनता पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ असते. छातीत भरपूर हवा घेतली तर आपण जेमतेम तरंगतो, हवा सोडली की बहुतेकजण बुडू लागतात.

मग माणूस बुडतो का? कारण श्वास घेण्यासाठी नाकतोंड पाण्याबाहेर लागते. डोके पाण्यात असते तोवर त्याचे वजन पाणी पेलते, पण ते बाहेर काढले की त्याच्यापुरते प्लावक बल नाहीसे होते. मोठ्या माणसाचे डोके सुमारे ४ ते ५ किलोचे असते. म्हणजे ते सतत पाण्याबाहेर ठेवायचे तर तेवढाच जादा आधार हवा. ६० किलोच्या माणसाला तारायला ६० किलोचा आधार लागत नाही, ५ किलोच्या आसपास पुरतो. विद्यार्थ्यांना हे ऐकून नेहमी आश्चर्य वाटते.

आता हा आधार बुचातून मिळवायचा असे समजू. बूच म्हणजे शीशीचे बूच ज्याचे करतात ते. आपल्याकडे ज्याला बुचाचे झाड म्हणतात त्याच्याशी गल्लत नको. हे बूच पोर्तुगाल, स्पेन या भागांत वाढणाऱ्या एका ओक वृक्षाच्या सालीपासून मिळते. एक लिटर आकारमानाच्या बुचाचे वजन साधारण २४० ग्रॅम भरते. ते पूर्ण बुडवले तर एक लिटर म्हणजे एक किलो पाणी बाजूला सारते. स्वतःचे वजन वजा जाता ७६० ग्रॅमचा आधार उरतो. ५ किलोच्या आधारासाठी साधारण साडेसहा लिटर बूच लागेल. त्याहून जास्त आधार हवा तर अंगावर बादलीभर बूच चढवावे लागेल. एवढे बूच अंगावर कुठे आणि कसे बसवायचे, हीच पुढच्या दोनशे वर्षांची अडचण होती.

वल्हेकऱ्याचे जॅकेट

१७७५ साली फ्रान्समध्ये ला शापेल या धर्मोपदेशक गणितज्ञाने बुचाच्या पोशाखावर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. त्याने पोशाखाला 'होडी' आणि 'माणूस' या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून नाव दिले होते, स्काफांद्र. पण नित्याच्या वापरात टिकले ते जॅकेट इंग्लंडमध्ये तयार झाले.

तिथे १८२४ साली समुद्रात संकटात सापडलेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था स्थापन झाली होती. रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन या नावाने ती आजही काम करते. वादळात फुटणाऱ्या जहाजांकडे वल्ह्यांच्या होड्या घेऊन जाणारे तिचे नाविक स्वतःच बुडत. या संस्थेचे निरीक्षक कॅप्टन जॉन वॉर्ड यांनी १८५४ साली त्यांच्यासाठी एक जॅकेट तयार केले. जाड कापडाच्या बंडीवर बुचाच्या अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी शिवलेल्या होत्या. त्याचा आधार सुमारे ११ किलो होता. वरच्या हिशेबाने पाहिले तर हे १५ लिटर बूच झाले.

वॉर्ड यांनी चांगल्या जॅकेटच्या अटी मांडल्या, त्या आजही वाचण्यासारख्या आहेत. जड कपडे घातलेल्या माणसाचे डोके व खांदे पाण्याबाहेर राहतील, शिवाय तो आणखी एकाला सावरू शकेल एवढा आधार हवा. ते अंगाच्या आकाराप्रमाणे वाकले पाहिजे. त्याचे वरचा व खालचा असे दोन भाग हवेत, म्हणजे मधे कमरेशी घट्ट बांधता येईल. छातीवर आवळून बांधले तर श्वास कोंडतो, हात अडखळतात आणि वल्हे मारणारा लवकर थकतो. आणि शेवटी, ते मजबूत व टिकाऊ हवे.

यातली तिसरी अट पाहा. वॉर्ड यांच्यासमोर जहाजावरचा प्रवासी नव्हता, तर तासन्‌तास वल्हे मारणारा माणूस होता. घट्ट तर बसले पाहिजे, पण हात आणि छाती मोकळी राहिली पाहिजे. आज कयाक वल्हवणाऱ्याचे जॅकेट निवडताना आपण नेमके हेच पाहतो.

या जॅकेटची परीक्षा ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी या बंदरात झाली. मोठ्या वादळात तिथल्या लाइफबोटीने एकामागून एक जहाजांवरची माणसे आणली. सहाव्या खेपेला एका लाटेने होडी उलटली. १३ जणांपैकी १२ बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. लाइफबोटीवरचा त्याचा तो पहिलाच दिवस होता, आणि नव्या पद्धतीचे बुचाचे जॅकेट अंगावर असलेला तो एकटाच होता. पुढे तो त्याच गावी लाइफबोटीचा प्रमुख झाला.

एका उदाहरणावरून सिद्धांत मांडू नये असे आपण मुलांना सांगतो, आणि ते खरेच आहे. लाटेने फ्रीमनला किनाऱ्याच्या बाजूला फेकले असेल, तो जास्त दणकट असेल. तरीही काठावर उभ्या असलेल्या हजारो लोकांनी जे पाहिले त्यानंतर जॅकेटाची गरज कोणाला पटवून सांगावी लागली नाही.

वजन म्हणजे आधार नव्हे

त्यानंतर साधन मिळाले आणि मनुष्य निश्चिंत झाला, असे घडायला हवे होते. तसे घडले नाही.

१५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका चर्चची वार्षिक सहल 'जनरल स्लोकम' या वाफेच्या बोटीने निघाली. सुमारे १३०० प्रवासी होते, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले. वाटेत बोटीला आग लागली. जीवरक्षक जॅकेटे भरपूर होती, पण तेरा वर्षे तशीच टांगून राहिलेली. कापड हात लावताच फाटत होते आणि आतल्या बुचाचा भुगा झाला होता. आयांनी मुलांच्या अंगात ती चढवून त्यांना पाण्यात सोडले आणि मुले डोळ्यांदेखत बुडाली. हजाराच्या आसपास माणसे गेली. सरकारी निरीक्षकाने महिन्याभरापूर्वीच बोट तपासून योग्य ठरवली होती.

या दुर्घटनेनंतर आणखी एक गोष्ट उघड झाली. प्रत्येक जॅकेटात सहा पौंड चांगले बूच असावे असा नियम होता. एका कारखान्याच्या बुचाच्या ठोकळ्यांत लोखंडी कांब्या दडवलेल्या सापडल्या. बूच कमी घालून वजन मात्र नियमाप्रमाणे भरायचे! घनतेचा धडा शिकवताना याहून बोलके उदाहरण मिळणार नाही. २०० ग्रॅम लोखंड जेमतेम २६ घनसेंटिमीटर जागा व्यापते. म्हणजे २६ ग्रॅम पाणी बाजूला सारते आणि १७४ ग्रॅमने खालीच ओढते. तेवढ्याच वजनाच्या बुचाने ६०० ग्रॅमहून जास्त आधार दिला असता. तराजूवर दोन्ही सारखे, पाण्यात नेमके उलटे. नियम करणाऱ्यांनी मोजायचे ते आधाराचे बळ सोडून वजन मोजले होते, ही चूक त्या नियमातच होती.

१९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा जॅकेटे पुरेशी होती, होड्या नव्हत्या. जॅकेट घातलेले शेकडो लोक पाण्यावर तरंगत राहिले आणि उणे २ अंश सेल्सिअसच्या पाण्यात गारठून मेले. जॅकेट बुडण्यापासून वाचवते, थंडीपासून नाही. ही मर्यादाही लोकांना अनुभवानेच कळली.

सावरीचा कापूस आणि म्हातारी

बूच जड आणि ताठर. त्याच्या जागी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कपोक आला. आपल्या काटेसावरीच्या कुळातल्या पांढऱ्या सावरीच्या बोंडातला हा कापूस. याचे तंतू आतून पोकळ असतात आणि वरून मेणासारख्या थराने माखलेले असतात, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. इंग्लंडच्या लाइफबोटींवर तो १९०४ पासून वापरात आला. जॅकेट हलके आणि मऊ झाले. दोष एवढाच की तंतू दाबले गेले किंवा तेलाने माखले की आधार कमी होतो, आणि युद्धात बुडणाऱ्या जहाजाभोवती तेल पसरलेलेच असते.

जगाला लागणारा बहुतेक कपोक जावाहून येई. १९४२ साली जपानने जावा घेतले आणि अमेरिकेचा पुरवठा तुटला. तेव्हा पर्याय म्हणून निवड झाली ती तिथल्या मिल्कवीड या रानटी झुडपाची. हे आपल्या रुईचे भाऊबंद. वाऱ्यावर तरंगणारी रुईची 'म्हातारी' पकडायला आपली मुले धावतात, तसलाच रेशमी झुपका याच्याही बीला असतो. त्याची शेती कोणी करत नव्हते. म्हणून १९४४ च्या शरद ऋतूत अमेरिकेतल्या शाळांमधली मुले पोती घेऊन माळरानांवर शेंगा गोळा करत हिंडली. दोन पोती शेंगांत एक जॅकेट, असा साधारण हिशेब त्यांना सांगितला होता. वनस्पतिशास्त्राचा तास असा कामी येईल असे त्यांच्या शिक्षकांनाही वाटले नसेल.

भूल दिलेला भूलतज्ज्ञ

याच युद्धात ब्रिटिश हवाई दलापुढे एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. वैमानिकांना फुगवता येणारी जॅकेटे दिली होती. विमान पडल्यावर त्यातले काही समुद्रात तरंगत असलेले सापडत, जॅकेट नीट फुगलेले असे, पण माणूस पालथा, चेहरा पाण्यात. आधार पुरेसा होता, तरी माणूस बुडून मेला होता.

हे कशामुळे होते ते शोधायचे तर बेशुद्ध माणसावर प्रयोग हवा. पुतळा चालत नाही, कारण त्याचे सांधे, स्नायू, छातीतली हवा माणसासारखी नसते. शुद्धीवरचा माणूस कितीही सैल पडून राहिला तरी नाकात पाणी जाऊ लागताच नकळत मान उचलतो. मग बेशुद्ध माणूस आणायचा कोठून? फार्नबरोच्या प्रयोगशाळेत काम करणारे तरुण भूलतज्ज्ञ एडगर पास्क यांनी स्वतःलाच पुढे केले. ज्येष्ठ भूलतज्ज्ञ रॉबर्ट मॅकिंटॉश यांच्या देखरेखीखाली त्यांना ईथरची पूर्ण भूल देण्यात आली. श्वासनलिकेत नळी घालून तिच्याभोवतीची जागा बंद केली, म्हणजे पाणी फुफ्फुसात जाणार नाही. मग निरनिराळी जॅकेटे घालून त्यांना तलावात सोडले आणि शरीर कसे वळते, चेहरा वर येतो की खाली जातो याची नोंद केली. असे पुन्हा पुन्हा झाले.

निष्कर्ष धक्कादायक होता. वापरातली बरीच जॅकेटे बेशुद्ध माणसाचा चेहरा पाण्याबाहेर ठेवू शकत नव्हती. आधार किती आहे याइतकेच तो कोठे आहे याला महत्त्व होते.

इथे आपला बिंडा परत येतो. पाण्यात सोडलेल्या वस्तूवर दोन बले काम करतात. वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते, प्लावक बल बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्यातून वर ढकलते. हे दोन बिंदू एकाखाली एक येईपर्यंत वस्तू वळत राहते आणि हलका भाग वर राहतो. बिंडा पाठीवर बांधला की पाठ वर येते, माणूस पालथा होतो आणि हातपाय मारायला मोकळा राहतो. पोहायला शिकण्यासाठी हीच स्थिती हवी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो पाठीवर बांधला गेला. पण तोच माणूस बेशुद्ध झाला तर बिंडा त्याचा चेहरा पाण्यातच धरून ठेवील. जीवरक्षक जॅकेटाचे काम नेमके उलटे आहे. त्याचा मोठा आधार छातीवर आणि मानेभोवती हवा, म्हणजे माणूस उताणा होतो आणि डोके मागे टेकून राहते. बिंडा पोहणे शिकवण्यासाठी आहे, जॅकेट पोहणे संपल्यावर कामी येण्यासाठी.

वर्गात हा प्रयोग सहज करता येतो. प्लॅस्टिकच्या लहान बाटलीत वाळू आणि पाणी भरून ती जेमतेम बुडेल अशी करा. तिच्या एका बाजूला शाईने चेहरा काढा. थर्मोकोलचा तुकडा रबराने आधी चेहऱ्याच्या उलट बाजूला, मग चेहऱ्याच्या बाजूला आणि शेवटी तळाशी बांधून पाण्यात सोडा. तिसऱ्या वेळी चेहरा कोठे जातो ते मुलांना आधी ओळखायला सांगा. जॅकेट सैल राहून कमरेखाली घसरले तर काय होईल, याचे उत्तर त्यात मिळते.

१९६० च्या आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात दमलेल्या किंवा बेशुद्ध माणसालाही सुरक्षित स्थितीत वळवण्याची अट आली. आज मोठ्या जहाजांवरच्या जॅकेटाने बेशुद्ध माणसाला ५ सेकंदांत उताणे करून त्याचे तोंड पाण्यापासून १२ सेंटिमीटर वर ठेवावे अशी अपेक्षा असते.

कयाकची अडचण

मग असले जॅकेट कयाकमध्ये का घालत नाहीत? कारण ते घालून वल्हवता येत नाही.

कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट शिकाऱ्यांची होडी. ते सीलच्या कातड्याचा अंगरखा घालत, तो मनगटाशी, चेहऱ्याभोवती आणि होडीच्या तोंडाशी घट्ट बांधलेला असे. होडी आणि माणूस मिळून एकच हवाबंद वस्तू होई. उलटली तरी होडीबाहेर न येता वल्ह्याच्या फटक्याने पुन्हा सरळ व्हायचे, ही त्यांची जीवरक्षणाची रीत. युरोपात ही कला फार उशिरा पोहोचली. ऑस्ट्रियाच्या एडी पावलाटाने १९२७ साली ती साधली. ग्रीनलंडमध्ये ती शिकलेला इंग्रज प्रवासी जिनो वॉटकिन्स तिच्यात तरबेज होता. १९३२ साली तो एकटाच शिकारीला गेला आणि त्याची रिकामी कयाक तेवढी सापडली. कौशल्य कितीही असो, एकटा माणूस पाण्यात पडल्यावर काय करणार, हा प्रश्न उरतोच.

पुढे फायबरग्लास आणि मग पॉलिथिनच्या कयाक निघाल्या, आणि हा छंद ज्यांना उलटून सरळ होता येत नाही अशा हजारोंपर्यंत पोहोचला. त्यांच्यासाठी बंद पोकळ्यांच्या फोमचे जॅकेट आले. या फोममध्ये प्रत्येक बुडबुडा स्वतंत्र असतो, त्यामुळे एक फाटला तरी पाणी पसरत नाही. स्पंजाचे बुडबुडे एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून तो भिजतो. एक लिटर फोम जवळजवळ एक किलो आधार देतो. बुचाच्या १५ लिटरांपुढे ५-६ लिटरांत काम भागते.

आंतरराष्ट्रीय मानकांत आधार न्यूटनमध्ये मोजतात आणि ५०, १००, १५० व २७५ असे वर्ग करतात. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलो, आपण वर काढले तेवढेच. कयाकसाठी सहसा हाच वर्ग वापरतात. हे जॅकेट आखूड, बगलेत मोकळे असते. पण ते बेशुद्ध माणसाला उताणे करण्याची हमी देत नाही. म्हणजे पास्क यांनी जे शिकवले त्यातला काही भाग इथे जाणूनबुजून सोडला आहे. का? कारण अवजड जॅकेट लोक अंगातून काढून होडीत ठेवतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदींत होडीच्या अपघातांतले सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू बुडून होतात, आणि त्या बुडालेल्यांपैकी दर पाचांत चारांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नसते. अंगावरचे ५ किलो हे होडीतल्या १५ किलोंपेक्षा कधीही बरे.

पण जो भाग सोडला त्याची भरपाई दुसऱ्या मार्गाने करावी लागते. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या लाइम उपसागरात ८ विद्यार्थी, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले. शिक्षकाची होडी वारंवार उलटू लागली, एक प्रशिक्षक त्याच्यापाशी थांबला, आणि बाकीचे वाऱ्याने खोल समुद्रात लोटले गेले. होड्यांच्या तोंडाला पाणी अडवणारी झाकणे नव्हती, त्या भरल्या. इशाऱ्याचे बाण नव्हते, मदत उशिरा निघाली. थंड पाण्यात काही तास काढल्यावर चार विद्यार्थी मरण पावले. १९९४ साली न्यायालयाने केंद्र चालवणाऱ्या कंपनीला व तिच्या संचालकाला दोषी ठरवले आणि १९९५ साली अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. जॅकेट हे साखळीतले एकच कडे असते.

अंगाला येते का?

आता खुंटीवरचे जॅकेट हातात घेऊ. यातली प्रत्येक तपासणी वरच्या एखाद्या प्रसंगातून आली आहे.

आधी ते दाबून पाहावे. फोम चिरडलेला, कडक किंवा पाणी धरून ठेवणारा असेल, कापड उन्हाने विटून ओढताच उसवत असेल, बक्कल तुटले असेल, तर ते बाजूला ठेवावे. 'जनरल स्लोकम'वरची जॅकेटेही कागदोपत्री ठीकच होती. जॅकेट बसायला घेऊ नये, त्याने फोम दबतो.

मग माप. मोठ्यांसाठी छातीचा घेर, मुलांसाठी वजन. आतल्या पट्टीवर ते लिहिलेले असते. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची आपली सवय इथे घातक आहे. सैल जॅकेट पाण्यात वर तरंगते आणि मूल त्यातून खाली सरकते. लहान मुलांच्या जॅकेटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा तो यासाठीच.

सगळे पट्टे सैल करून जॅकेट घालावे, चेन लावावी, मग आधी कमरेचा पट्टा आवळावा, नंतर वरचे, शेवटी खांद्याचे. वॉर्ड यांनी सांगितले तेच, पकड कमरेशी, श्वास मोकळा. दीर्घ श्वास घेता आला पाहिजे. आता मुलाला दोन्ही हात वर करायला सांगून जॅकेट खांद्यांना धरून वर ओढावे. ते हनुवटीला किंवा कानाला लागले तर पट्टे पुन्हा आवळावेत, तरीही लागले तर माप लहान घ्यावे.

पुढची तपासणी होडीत बसून करावी. उभ्याने नीट बसणारे लांब जॅकेट बसल्यावर बैठकीच्या पाठीला अडून वर सरकते आणि हनुवटीत रुतते. वल्हे दोन्ही बाजूंनी दहा-वीस वेळा फिरवून बगलेत घासत नाही ना ते पाहावे. घासणारे जॅकेट मुले तासाभरात काढून टाकतात.

शेवटी छातीएवढ्या पाण्यात उतरून, शेजारी माहीतगार माणूस उभा ठेवून, पाय उचलून मागे रेलावे. तोंड आरामात पाण्याबाहेर राहते का, जॅकेट जागचे हलते का, हे एका मिनिटात कळते. पाण्यात पडताच आपोआप फुगणारी जॅकेटे कयाकसाठी सोयीची नसतात. शिंतोड्यांनीच ती फुगू शकतात, आणि हाताने फुगवायची असतील तर तो हात शुद्धीवरच्या माणसाचा लागतो. जॅकेटाला एक शिटी बांधलेली असावी. आणि कोणीही एकटे जाऊ नये, कारण ५० न्यूटनचे जॅकेट जे करू शकत नाही ते शेजारच्या होडीतल्या माणसाने करायचे असते.

आपल्याकडच्या आठवणी फार दूर जायला नकोत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ जणांना प्राण गमवावे लागले. बऱ्याच प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हते. त्यानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींत ते घालणे सक्तीचे झाले. सक्ती झाली की जॅकेट अंगावर चढते, पण पट्टे आवळलेले असतात का, हे सक्तीने ठरत नाही. ते कोणीतरी एकेका मुलाजवळ जाऊन, खांद्याला धरून, ओढून पाहावे लागते. विहिरीच्या काठावर आपल्याला ढकलण्यापूर्वी त्या काकांनी बिंड्याची गाठ अशीच ओढून पाहिली होती.